वेल्डरशाळेच्या चौकस मॅडम

उर्मिला देवतळे त्या संस्थेत नोकरीला लागली ती ऑगस्टमध्ये, प्रवेशाची धावपळ चालू असताना. चंदीगडजवळच्या खरडहून लांडरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नव्या फ्लॅटच्या इमारती संपून जिथे शेतं सुरू होतात तिथे ही खासगी आयटीआय होती. पुढे दुमजली इमारत, मागे पत्र्याची लांबलचक शेड, आणि फाटकावर हेल्मेट घातलेल्या हसऱ्या तरुणाचं चित्र. उर्मिलाच्या दारावर पाटी होती ‘प्लेसमेंट ऑफिसर’. काम सोपं आहे, असं डायरेक्टर वालियासाहेबांनी तिला सांगून ठेवलं होतं. आईबाप आले की त्यांना बसवायचं, चहा पाजायचा, आणि मुलाला नोकरी पक्की आहे असं सांगायचं.

पहिल्याच आठवड्यात जसबीर सिंग आले. मोरिंड्याजवळच्या गावाहून चंदीगडला दूध घालणारा हा माणूस. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून रोज सेक्टर पालथे घालायचा. त्यांच्या मागे त्यांची मुलगी उभी होती, राजविंदर. घरी तिला रज्जी म्हणत. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या, पार्लरच्या कोर्सला तिने साफ नकार दिला होता, आणि शिल्लक राहिला होता तो वेल्डरचा ट्रेड.

“मॅडमजी, एवढंच सांगा,” जसबीर हिंदीत म्हणाले, “वर्षभर शिकल्यावर हिला नौकरी पक्की?”

उर्मिलाने बोलायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला खरोखरच माहीत नाही. वेल्डर म्हणजे रस्त्याकडेला निळ्या ठिणग्या उडवत बसलेला माणूस, यापलीकडे तिने आजवर विचारच केला नव्हता.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण विचारून सांगते.”

शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटने मान वर करून पाहिलं. जसबीर सिंगही बुचकळ्यात पडले. पण उठून गेले नाहीत, मुलीचा प्रवेश घेऊनच गेले. असं का केलं ते त्यांनी पुढे एकदा सांगितलं. बाकी सगळीकडे छातीठोक ‘पक्की’ म्हणणारे भेटले होते, म्हणून न म्हणणारीवर जरा भरवसा बसला.

विचारणं हा उर्मिलाचा जन्मजात स्वभाव. वरोऱ्याला वडील कोळसा खाणीच्या ऑफिसात होते. आई म्हणायची, ही पोरगी पाहुण्याला पाण्याचा गिलास द्यायच्या आधी त्याच्या गावात विहिरी किती ते विचारेल. नागपूरला अर्थशास्त्रात एम.ए. झाली, वर्ध्याच्या अनिमेषशी लग्न झालं, आणि त्याला चंदीगडच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियनची नोकरी लागली तशी दोघं इकडे आली. लेक अवनीचा जन्म इथलाच. ती लहान असताना उर्मिला घरीच होती. पण घरी म्हणजे नावालाच. सेक्टरमधल्या झाडांच्या बुंध्यांना चुना का फासतात, किन्नू आणि संत्र्यात फरक काय, बाजारातला कुलचेवाला कुठल्या जिल्ह्यातला, सगळं तिला ठाऊक असायचं. अनिमेष याला भोचकपणा म्हणायचा. ती म्हणायची, चौकसपणा.

तर वेल्डिंग म्हणजे नेमकं काय, हे बघायला ती दुसऱ्या दिवशी मागच्या शेडमध्ये गेली. बलकार सिंग नावाचे इन्स्ट्रक्टर तिथे होते. पांढरी दाढी, आखाती देशांत बरीच वर्षं तेलाच्या टाक्या जोडलेला माणूस, बोलणं कमी. त्यांनी काही न विचारता तिच्या हातात काळी काच बसवलेली ढाल दिली आणि रॉड लोखंडाला टेकवला.

काचेतून सगळं जग अंधारात गेलं. राहिला तो एक हिरवट उजेड, आणि त्या उजेडाच्या पोटात वितळलेल्या लोखंडाचं वाटाण्याएवढं तळं. ते तळं थरथरत होतं. बलकार सिंगांचा हात सरकेल तसं ते पुढे सरकत होतं आणि मागे घट्ट होत जाणारी, माशाच्या खवल्यांसारखी रेघ सोडत होतं. ठिणग्यांचा सगळा तमाशा बाहेरच्यांसाठी असतो, खरं काम या एवढ्याशा तळ्यात चालतं, हे उर्मिलाला पहिल्यांदा कळलं. ती इतकी हरखली, की पुढच्या मुलाचा जोड बघताना ढाल बाजूला झाली हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी पोळ्या लाटताना डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. पाणी थांबेना. अनिमेष ड्युटीवरून आला तो बघतच राहिला.

“काय करून राहिली होतीस तू तिथं?”

“बघत होते.”

“उघड्या डोळ्यांनी? अगं, डोळे भाजलेत तुझे! प्लेसमेंटच्या बाईला वेल्डिंग बघायची गरज काय?”

“जे विकायचं ते बघायला नको?” डोळ्यांवर ओल्या कापडाची घडी ठेवून उर्मिला पलंगावरून म्हणाली.

अवनी सातवीत होती. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. “मम्मी, आप भी ना, हद करती हो,” म्हणत तिने उरलेल्या पोळ्या लाटल्या. त्या नकाशासारख्या झाल्या होत्या, पण सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.

डोळे बरे झाले तशी उर्मिला स्कूटी काढून चौकशीला निघाली. सुरुवात जवळून केली. खरडमध्ये जिकडेतिकडे फ्लॅट उभे राहत होते, आणि प्रत्येक फ्लॅटला फाटक, जाळी, जिन्याचा कठडा लागत होता. तशी दुकानं रस्त्याला ओळीने होती. दुकानदार म्हणाले, पोरं हवीच असतात, उद्याच पाठवा. पण टिकत नाहीत. हात बसला की पोरगा समोरच्या बाजूला स्वतःचं दुकान टाकतो आणि आमचंच गिऱ्हाईक नेतो. एकाने तर समोरचं दुकान बोटाने दाखवलं. “तो माझा शागीर्द. आणि त्याच्या शेजारचा, तो त्याचा.” उर्मिलाला हे नवीनच होतं. इथे नोकरी म्हणजे मुक्काम नव्हता, दुकानाकडे जाण्याचा रस्ता होता.

मग ती विमानतळाजवळ, एअरोसिटीकडच्या बांधकामांवर गेली. तिथे उंच लोखंडी सांगाड्यांवर माणसं चिकटली होती, पण सगळी ठेकेदाराने आपल्या गावाकडून आणलेली. तिथला मुकादम सरळ म्हणाला, “आमच्यात ओळखीवर काम मिळतं, मॅडम. सर्टिफिकेट कुणी मागत नाही.”

शेवटी उरलं डेराबस्सी. तिथे औषधांचे आणि रसायनांचे कारखाने, आणि त्या कारखान्यांना टाक्या, पाइप बनवून देणारी वर्कशॉपं. पण फाटकावरचा सिक्युरिटीवाला तिला आत सोडेना. कुणाला भेटायचं, तर वेल्डरांना. कोणत्या, तर कोणत्याही. असं उत्तर देणाऱ्या बाईला कोण आत घेणार? मग ती फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसली. पाळी सुटेपर्यंत वाट बघायची आणि बाहेर येणाऱ्यांनाच विचारायचं, असा बेत.

तेवढ्यात घरून फोन आला. “अरे, कुकर फ्रिजच्या वरच आहे,” ती अनिमेषला सांगत होती. “नाही दिसत म्हणजे? जरा मान वर करून बघ ना.”

शेजारच्या बाकावर चहा पिणारा माणूस एकदम वळला. पन्नाशीचा, करड्या मिशांचा, शर्टाच्या खिशात लहानशी टॉर्च.

“कुठलं म्हणायचं तुम्ही?” त्याने मराठीत विचारलं.

“वरोऱ्याची. चंद्रपूर जिल्हा. तुम्ही?”

“गडहिंग्लज. रामचंद्र गुरव. इथं क्वालिटी बघतो मी.” त्याच्या चेहऱ्यावर सणाला माहेरचं माणूस भेटावं तसा आनंद होता. “काय ओ ताई, हितं आमच्या फाटकासमोर काय काम काढलं?”

उर्मिलाने सगळं सांगितलं. गुरव ऐकत राहिले. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, “चला आत. तुमची चौकशी सांगून न्हाई सुटायची. बघूनच सुटंल.”

आत चकचकीत स्टीलच्या टाक्या उभ्या होत्या, माणूस उभा राहील एवढ्या. औषधं यात शिजणार होती. गुरवांनी टॉर्च लावून तिला एका टाकीच्या आतला जोड दाखवला. दाखवला म्हणजे शोधूनच काढावा लागला, इतका तो सपाट होता.

“इथं एवढीशी जरी खाच राहिली, तर मागच्या औषधाचा कण पुढच्यात जाणार,” ते म्हणाले. “म्हणून जोड आतनं बी बाहेरच्यासारखाच पाहिजे. वेल्डर बाहेरनं जोडतो, आतलं त्याला दिसत न्हाई. आत आर्गन गॅस भरावा लागतो. न्हाई भरला की असं होतंय.” त्यांनी कोपऱ्यातला एक टाकाऊ पाइप उचलून दिला. आतून त्यावर करपलेल्या साखरेसारखे काळे दाणे धरले होते. उर्मिलाने बोट फिरवून पाहिलं. खरखरीत.

“हवेमुळे होतं का हे?”

“हवेतल्या ऑक्सिजनमुळं. स्टील तापलं की हवा त्याला खातीय.”

“मग गॅस भरला की बाहेर गळून नाही जात?”

“जातोय की. म्हणून तर दोन्ही तोंडं बंद करायची.” गुरव हसले. “तुम्हाला वेल्डर व्हायचं हाय का ताई?”

त्या दिवशी तिथे नोकरीसाठी आलेल्या एका मुलाची परीक्षा चालू होती. त्याने पाइपचे दोन तुकडे जोडले होते. बाहेरून जोड देखणा होता, उर्मिलाला तर दृष्ट लागण्यासारखा वाटला. गुरवांनी त्यातून आडवी पट्टी कापली, ग्राइंडरने घासली, आणि प्रेसमध्ये धरून हळूहळू वाकवली. पट्टी इंग्रजी ‘यू’सारखी वाकत गेली आणि अर्ध्यातच वाळलेल्या मातीला भेग पडावी तशी जोडावर फट उघडली. मुलाने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि पाणी पिऊन निघून गेला.

“आयटीआय पास हाय त्यो,” गुरव म्हणाले. “असे दर आठवड्याला येत्यात. आणि माझ्या जागा तशाच मोकळ्या.”

घरी परतताना झिरकपूरच्या कोंडीत स्कूटीवर बसून उर्मिला एकच गोष्ट डोक्यात फिरवत होती. इकडे माणूस मिळत नाही म्हणून कारखाना अडलाय, तिकडे नोकरी मिळत नाही म्हणून मुलगा घरी बसलाय. दोघं एकाच रस्त्याच्या दोन टोकांना. मग गाठ का पडत नाही?

दुसऱ्याच दिवशी तिने जसबीर सिंगांना फोन करून कळलं तेवढं सांगितलं. नोकऱ्या आहेत, पण वाकवल्यावर न तुटणारा जोड ज्याला येतो त्याला. “तो शिकवता का तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. तेही तिने शोधायचं ठरवलं.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ती शेडमध्ये खुर्ची टाकून बसली आणि कोण काय करतंय ते बघत राहिली. मुलं बहुतेक वेळ रांगेत उभी असायची. मशीनं थोडी, चालू असलेली त्याहून थोडी, आणि रॉड मोजून मिळणारे. ज्याचा नंबर लागायचा तो एक रेघ ओढायचा आणि पुन्हा रांगेच्या शेपटीला जायचा. स्टीलच्या बारीक कामाचं मशीन तर स्टोअररूममध्ये चादर पांघरून झोपलेलं होतं.

“हे का नाही लावत?” तिने बलकार सिंगांना विचारलं.

“गॅस नाही,” ते म्हणाले. “आणि पाइप नाही.” त्यांनी चादरीचं टोक सारखं केलं. “मागून मागून थकलो, मॅडम.”

उर्मिला वालियासाहेबांकडे गेली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना संस्था चालवायची होती, आणि तपासणीला येणाऱ्यांना मशीन दिसलं की पुरे असायचं. “मॅडमजी, आपका काम प्लेसमेंट है, वेल्डिंग नहीं,” त्यांनी हात जोडून सांगितलं.

नन्नाचा पाढा ऐकून गप्प बसणारी ती नव्हती. तिने गुरवांना फोन लावला. “तुमच्याकडे कापून उरलेले पाइपचे तुकडे कुठे जातात?”

“भंगारात.”

“भंगारात जायच्या आधी आमच्याकडे येऊन गेले तर?”

गुरव एकदम मोठ्याने हसले. त्यांच्या मालकाला ते पटवायला काही दिवस गेले. अट अशी ठरली, की तुकडे जोडून, वाकवून, तोडून झाले की तेवढंच स्टील परत कारखान्याच्या भंगारात यायला हवं. वालियासाहेबांचा अडसर वेगळ्याच बाजूने निघाला. कारखान्याची भरती-परीक्षा आपल्याच शेडमध्ये होणार, त्यांचे इंजिनिअर इथे येणार, फोटो निघणार, हे कळल्यावर गॅसचं सिलिंडर आठवड्याच्या आत दारात उभं राहिलं.

त्या हिवाळ्यात शेडचं रूप पालटलं. बाहेर धुकं इतकं दाट असायचं, की फाटकावरचा हसरा तरुण दिसायचा नाही. आत मात्र बलकार सिंगांचा आवाज चढलेला असायचा. हा माणूस एवढं बोलतो हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्यांदा सगळ्यांचे जोड आतून साखर धरलेले निघाले. मग थोडे कमी.

रज्जीचा हात सुरुवातीपासून वेगळा होता. रेघ सारखी, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. उर्मिलाला राहवलं नाही.

“तू आधी कुठे काही शिकली होतीस का गं?” तिने हिंदीत विचारलं.

रज्जी लाजली. “मावशीची बेकरी आहे, मॅडम. केकवर क्रीमची नक्षी मीच काढायचे.”

“त्याचा इथे उपयोग होतो?”

“श्वास,” रज्जी म्हणाली. “रेघ ओढताना श्वास धरला की हात कापतो. हळू सोडत राहायचा. आणि हाताला आधी कळायला पाहिजे की आपण कुठे थांबणार.”

उर्मिलाने त्या रविवारी घरी अवनीच्या वाढदिवसाच्या केकवर प्रयोग केला. श्वास हळू सोडून ‘अवनी’ लिहिलं. वेलांटी जवळजवळ बरी आली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. गुरव प्रेस घेऊनच आले होते. मुलं एकेक पट्टी वाकताना बघत होती, आणि तडा गेला की शेडभर ‘ओह’ उमटत होता. सगळ्यात सरस निघाला गुरजंट नावाचा उंच, अबोल मुलगा. त्याची पट्टी दोन्ही बाजूंनी वाकली आणि जोड कुठे होता ते बोटालाही कळेना. आणखी काहींच्या जमल्या. रज्जीची मात्र शेवटाला येऊन तडकली.

ती पट्टी हातात घेऊन उन्हात गेली. उर्मिला मागोमाग गेली. रज्जी रडत नव्हती. फट डोळ्यांजवळ धरून बघत होती. “इथे मी थांबून पुन्हा सुरू केलं होतं,” ती म्हणाली. “थांबते तिथेच चुकते, मॅडम.” बलकार सिंगांनी पुढचे सगळे दिवस तिच्याकडून फक्त थांबून पुन्हा सुरू करण्याचा सराव करून घेतला. दुसऱ्या वेळी तिची पट्टी शेवटपर्यंत वाकली.

आता सगळं सुरळीत होईल असं उर्मिलाला वाटलं होतं. पण गुरवांचा फोन आला तो तणतणतच. “ताई, तुमचा त्यो गुरजंट! आम्ही नेमणूक दिली, आणि पोरगं म्हणतंय, पोलंडला चाललो. एजंटाकडं आधीच नाव घालून बसलेलं. आमच्या पाइपांवर शिकला आणि उडाला की ओ!”

उर्मिलाने गुरजंटला बोलावलं. रागवायला नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “डेराबस्सीला काम आहे, घर जवळ आहे. मग का?”

गुरजंट म्हणाला, “माझ्या गल्लीत माझ्या वयाचं कुणी उरलं नाही, मॅडम. क्रिकेटला टीम होत नाही. इथे राहिलो तर कुणासोबत राहू?”

नोकरीच्या चौकशीत हा प्रश्न येईल असं तिला वाटलंच नव्हतं. तिने गुरवांना तो जसाच्या तसा सांगितला. गुरव म्हणाले, “मी बी गडहिंग्लज सोडलंच की. जाऊ दे त्याला.” गुरजंट गेला. तिकडून तो कधीमधी फोन करतो. जहाजाचे घराएवढे तुकडे जोडतो म्हणे. उर्मिलाच्या प्रश्नांना उत्तरं देताना त्याची जेवणाची सुट्टी संपून जाते.

त्याची जागा मोकळी होती आणि रज्जी पास होती. पण मालक कचरले. कामाच्या जागी बाई आजवर नव्हती, मग तिची सोय काय? पलीकडच्या इमारतीत पॅकिंगला बायका होत्या. त्यांची खोली, त्यांची बस, सगळं आधीपासून होतं. उर्मिलाने ते नुसतं विचारून घेतलं आणि गुरवांनी ते मालकांपुढे ठेवलं. कारखान्याकडून होकार आला, तर घरून नकार. रज्जीच्या आईला डेराबस्सी म्हणजे परमुलूख वाटत होता.

“मी समजावायला येणार नाही,” उर्मिला जसबीर सिंगांना म्हणाली. “तुम्ही दोघं येऊन बघून जा.”

ती दोघं आली. रज्जीची आई ओढणीचं टोक तोंडाशी धरून मशीनांपासून लांब उभी राहिली. जसबीर मात्र टाकीत डोकं घालून बराच वेळ बघत राहिले. गुरव त्यांना जोड कसा सपाट लागतो ते सांगायला लागले, तर जसबीर मध्येच म्हणाले, “समजलं, समजलं. माझे कॅन आहेत ना! बुडाला जोड आहे, तिथे खरबरीत असलं की दूध धरून बसतं. कितीही धुवा, दुसऱ्या दिवशी दूध फाटतं. मी शिव्या घालतो त्या जोडाला रोज!” ते बायकोकडे वळून पंजाबीत म्हणाले, “अगं, आपली कुडी, आपली रज्जी, दूध न फाटणारे जोड करणार आहे!”

रज्जीची आई हसली. पहिली पायरी ओलांडल्यावर ती चांगलीच चौकशी करायला लागली. डबा कुठे खातात, पंखे आहेत का, वरचा साहेब कसा आहे. उर्मिला बाजूला उभी राहून ऐकत होती. तिच्या तोडीचं कुणी भेटल्याचं तिला बरं वाटलं.

रज्जी रुजू झाली. तिच्यासोबतची आणखी तिघं तिथेच लागली, काही जण खरडच्या दुकानांत गेले, एकाने घरच्या ट्रॅक्टर-दुरुस्तीला जोड दिली, आणि एकाने वेल्डिंग सोडून मोबाइलचं दुकान टाकलं. वालियासाहेबांनी फाटकावर नवा फलक लावायचा घाट घातला, ‘शंभर टक्के नोकरी’. उर्मिलाने मोबाइलच्या दुकानाचं काय ते विचारलं. फलक लागला, पण आकडा न घालता.

पुढच्या ऑगस्टमध्ये नवी तुकडी आली, आणि त्याच सुमारास डेराबस्सीच्या वर्कशॉपमध्ये एक नवं यंत्र आलं. पाइपभोवती कड्यासारखं बसतं आणि आपोआप गोल फिरून जोड करतं. ऐकल्याबरोबर उर्मिलाने संस्थेची व्हॅन मागून घेतली आणि नव्या मुलांना घेऊन गेली. ते यंत्र सांभाळत होती रज्जी. जुन्या वेल्डरांनी त्याला हात लावायचं नाकारलं होतं, आपल्या पोटावर पाय आणणारं म्हणून. रज्जीने टोपी मागे सारली, पाइपची तोंडं घासली, कडं बसवलं आणि बटण दाबलं. यंत्र गुणगुणत एक फेरी मारून थांबलं. जोड चांगला होता.

“मग आम्ही कशाला शिकायचं?” एका मुलाने तिथेच विचारलं.

उर्मिलाने गुरवांकडे पाहिलं. गुरवांनी खांदे उडवले. “खोटं कशाला बोलू? सरळ पाइपांचं काम ह्येच करंल आता. वळणाला, अडचणीच्या जागंला अजून माणूस लागतोय. आणखी दहा वर्षांनी काय, मला न्हाई सांगता येणार.”

“याला शिकवायला तरी वेल्डरच लागतो,” रज्जी म्हणाली. “वेग किती, आच किती, ते मी सांगते. मला जोड येत नसता तर मी काय सांगितलं असतं?” मग तिने प्रामाणिकपणे पुस्ती जोडली, “पण पूर्वी या टेबलावर तिघं बसायची. आता मी एकटी.”

परतताना व्हॅनमध्ये भांडण पेटलं. अर्धी मुलं म्हणत होती यंत्र खाऊन टाकणार, अर्धी म्हणत होती भिण्यासारखं काही नाही. उर्मिलाने कुणालाच थांबवलं नाही. झिरकपूरला नेहमीसारखी गाडी अडकली. शेजारच्या रांगेत एक भला लांब ट्रेलर उभा होता आणि त्यावर पुलाच्या लोखंडी तुळया, माणसाच्या उंचीच्या, कडेला हातभर लांब जोडांच्या रेघा.

“मॅडम, हे कुठे जोडतात?” खिडकीतून एकाने विचारलं. “माणसं करतात की मशीन?”

उर्मिलाने पुढे पाहिलं. सिग्नल लाल होता. तिने व्हॅनचं दार सरकवलं, ओढणी खांद्यावर घट्ट केली, आणि दोन गाड्यांच्या मधून वाट काढत ट्रेलरपाशी जाऊन ड्रायव्हरच्या दारावर थाप मारली.

“वीरजी, कित्थों आए हो?” तिच्या पंजाबीत वरोरा डोकावत होता.

ड्रायव्हरने वरून वाकून पाहिलं. “छत्तीसगढसे, बहनजी. क्यों? क्या हुआ?”

“काही झालं नाही,” उर्मिला हिंदीत म्हणाली, “हे जोड कोण करतं, ते विचारायचं होतं.”

मागून हॉर्न वाजायला लागले. व्हॅनमधली मुलं खिडक्यांतून ओरडत होती, “मॅडम, हरा हो गया! मॅडम!” आणि ड्रायव्हर केबिनमधून हातवारे करत काहीतरी लांबलचक सांगत होता.